दिवाळीपतुर आवाज काढायचा न्हाई

माजी पोरगी तवा अडीच वर्साची व्हती, आन ती माज्यापाशी नव्हती. आळेफाट्याला नणंदंकडं व्हती. नणंद वाईट न्हाई, लई जीव लावती, पण पोरगी माजी हाय. तिला का नेली ते सांगायचं तर आधी दुखण्याचं सांगावं लागंल. मला लिवायची सवय न्हाई, शाळा सातवीपतुर झाली. चार वळी लिवल्या की मनगट भरून येतं, दम बी लागतो. थांबत थांबत लिवते.

पोरगी झाली तवापासनं सुरू झालं. आधी मानंत, मंग खांद्यात, मंग कंबरंत, मंग गुडघ्याच्या आतल्या अंगाला. सकाळी उठले की वाटायचं कुणी तरी मुसळानं कांडून ठिवलंय. झोप लागायची, पण झोपल्यावाणी वाटायचं न्हाई. चुलीवर दूध ठिवायची आन इसरायची. पोरीला पाजाया घेतली की तिचं डोकं छातीच्या मधल्या हाडाला लागायचं आन माज्या डोळ्यापुढं काजवं यायचं. तरी पाजायची. नुसती ओट्यावरनं विहिरीपतुर गेले तरी दम लागायचा.

सासू म्हणली, "बाळंतपणाचा वारा भरलाय." तिनं बिब्बा काढला. बिब्बा दिव्यावर धरायचा, दाभणानं टोचायचा, काळं तेल येतं, ते दाभणाच्या टोकानं दुखत्या जागी टेकवायचं. ठिपका बसतो, आग व्हती, फोड येतो, मंग काळा डाग ऱ्हातो. मानंवर घातला तर दुखणं खांद्यात गेलं. खांद्यावर घातला तर कोपरात. सासू हसून म्हणायची, "पळतंय बघ कसं." ती तसं म्हणली तवा मला पहिल्यांदा भ्या वाटलं. जे पळतं ते जितं असतं. माज्या अंगात कुणी तरी जितं हाय, आन ते लपायच्या जागा हुडकतंय, असं मनात बसलं ते बसलंच.

मालक आळेफाट्याला गॅरेजमधी कामाला हायेत, सुट्टीला घरी येत्यात. त्यांनी मला घोडेगावला एका डॉक्टरकडं नेलं. रक्त काढलं, लघवी तपासली, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, थायरॉइड, संधिवाताची तपासणी. आठ दिसानं डॉक्टर म्हणले, "सगळं नॉर्मल आहे. काही नाही. टेन्शन घेऊ नका." मला आनंद व्हायला पायजे व्हता. मला रडू आलं.

जीपमधी सासूनं इचारलं, "नॉर्मल म्हंजी काय?"

"म्हंजी काय न्हाई."

"रक्तात न्हाई?"

"न्हाई."

"हाडात न्हाई?"

"न्हाई म्हणले ना."

"मंग बाहेरचं हाय," सासू म्हणली. जीपमधी बसलेल्या दोन बायांनी बी मान हलवली. एवढ्या मशिनीतनं बघितलं आन आत काय घावलं न्हाई, तर ते बाहेरचंच असणार. मला बी ते पटलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी मलाच पटलं.

मंग आमी वरच्या वाडीच्या भगताकडं गेलो. म्हातारा माणूस, अंगणात सावलीला बसला व्हता. सुपात तांदूळ घेऊन एकेक नाव घ्यायचा आन चिमूट टाकायचा. दाण्यांच्या जोड्या लागल्या तर ते न्हाई, एक दाणा उरला तर तेच. गावदेव झाला, पाण्यातल्या आसरा झाल्या, सगळ्यांच्या जोड्या लागल्या. मंग त्यानं इचारलं, "माहेरचं कोण गेलंय?"

सासू म्हणली, "हिची आई. ही लहान असताना."

त्यानं चिमूट टाकली. एक दाणा उरला.

आता आईचं सांगाया पायजे. आमचं माहेर डिंभ्याच्या पाण्याच्या काठाला. जुनं गाव धरणात गेलंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याची जोती दिसत्यात, एक आंब्याचं वाळलेलं खोड दिसतं, आन जुनी मसणवट. माजी आई चैतात गेली, तवा ती जागा उघडी व्हती, म्हणून तिला तितंच जाळली. पावसाळ्यात त्या जागंवर पाणी येतं. दरसाल येतं. लहानपणी मी काठावर बसून इचार करायची, आता तिच्यावर किती पाणी असंल.

तिला बी दुखायचं. सगळं अंग. आवणीच्या टायमाला सगळ्या बाया वाकून भात लावायच्या आन ही बांधावर बसायची. बाया म्हणायच्या, "या राणीसायेब, तुमाला पालखी धाडू का?" आई हसायची, आन मंग परत चिखलात उतरायची. तिच्या पाठीवर बिब्ब्याचं ठिपकं व्हतं. मी तेल लावताना मोजायची. एकदा ती म्हणली, "बाय, जरा पाय चेप," आन मी म्हणले, "तुजं रोजचंच हाय, मला खेळाया जायाचंय." त्या साली तिचं डोळं हळदीवाणी पिवळं झालं आन ती गेली. शाळा सुटली माजी. लोक म्हणले, दुखून दुखून मेली बिचारी.

म्हणून भगत म्हणला तवा मी इचारलंच न्हाई की ती मला का धरंल. मला ठावं व्हतं. पाय चेपलं न्हाई म्हणून.

भगत म्हणला, तिची वाट बांधाया पायजे, म्हंजी ती परत येणार न्हाई. वैशाख व्हता, पाणी उतरलं व्हतं. आमी गेलो. मसणवटीजवळच्या त्या वाळल्या खोडात लोखंडी खिळा ठोकायचा व्हता. मालकांनी हातोडा घेतला तर भगत म्हणला, "तू न्हाई. पोटच्या पोरीनंच ठोकाया पायजे, तरच बसंल." मी ठोकला. दर घावाला माजा खांदा आतनं फुटायचा. लाकूड वाळून दगड झालेलं, खिळा जाईना. मी मनात म्हणत व्हते, आई, मी न्हाई गं, मला सांगितलंय. शेवटी गेला आत.

तितंच भगतानं मला नेम घालून दिला. "आता दिवाळीपतुर आवाज काढायचा न्हाई. दुखलं तरी कण्हायचं न्हाई, दुखतंय म्हणून कुणाला सांगायचं न्हाई, आंगावर हात ठिवून जागा दावायची न्हाई. आवाजावर ती वाट काढती. आन पोरीला लांब ठिवा. तुज्याकडनं पोरीकडंच जाणार ती, आजीच हाय." सासूनं हात जोडलं. भगत म्हणला, "दिवाळीपतुर गप ऱ्हायली तर पोरगी परत आणा. मधीच तोंडातनं निगालं तर परत पहिल्यापासनं."

दुसऱ्या दिशी नणंद आली आन पोरीला घेऊन गेली. पोरगी खिडकीतनं हात हलवत व्हती. तिला वाटलं फिराया चाललीय.

तवापासनं मी गप झाले. दूध सुटलं ते आपोआप आटलं, दोन दिस छाती दगड झाली, तरी गप. आवणीला वाकले, कंबरंतनं कळ निगाली की पदर दातात धरायची. बोळा करून धरायची, संध्याकाळपतुर पदराला भोकं पडायची. फोनवर पोरगी म्हणायची, "आई ये." मी म्हणायची, "दिवाळीला येते." तिला दिवाळी काय ठावं. ती म्हणायची, "आज हाय दिवाळी?"

घरात मला वाटायचं आई मागं उभी हाय. भांडी घासताना, जात्यापाशी. वळून बघितलं तर कुणी नसायचं, पण मी बोलत न्हाई हे तिला कळतंय, आन ती वाट बघतीय, असं वाटायचं. कधी कधी मला तिचा राग यायचा. कधी वाटायचं, चल, बस माज्यापाशी, पाय चेपते.

श्रावणात मी खाचरात पडले. बेशुद्ध न्हाई, नुसती उठता येईना. मालकांनी आळेफाट्याच्या हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी खांदा दाबला, "दुखतं?" मी गप. कंबर दाबली. "इथं?" मी गप. गुडघा वाकवला. मी पदर चावत व्हते, डोळ्यातनं पाणी येत व्हतं, पण त्यांचं ध्यान गुडघ्याकडं व्हतं. म्हणले, "हिला कुठंच दुखत नाही. फोटो पण चांगला आहे. अशक्तपणा असेल." गोळ्या दिल्या.

बाहेर आल्यावर मालक तापले, नेमाचं इसरूनच गेले. "दुखत न्हाई तर मंग रोज रडती कशाला? एका दिसाचा खाडा झाला माजा."

नणंदंचं घर तितनं दोन गल्ल्या पलीकडं व्हतं. मी त्या बाजूला बघितलं सुदीक न्हाई. बघितलं असतं तर पळाले असते.

गणपती झाल्यावर मालकांच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं की मंचरला पुण्यावरनं आठवड्याला एक डॉक्टर बाई येती, सांध्याची. मालक म्हणले, हे शेवटचं. सासू बी आली, मी तोंड उघडते का ते बघाया. आता दिवाळीला एकच महिना ऱ्हायला व्हता.

डॉक्टर बाई पन्नाशीच्या, केस पांढरं, चष्मा गळ्यात. त्यांनी जुनं सगळं कागद एकेक करून बघितलं. आधीच्या डॉक्टरांसारखं लगेच बाजूला ठिवलं न्हाईत. मंग मालकाला आन सासूला पडद्याबाहेर बसाया सांगितलं. सासू म्हणली, "मी ऱ्हाते की." त्या म्हणल्या, "आजी, बाहेर पंखा आहे."

दम लागतो म्हणून त्यांनी पाठीला ती कानात घालायची नळी लावली. लावली आन थांबल्या. पाठीवरचा पदर अजून खाली केला.

"हे कुणी केलं?"

मी गप.

"मारलं का कुणी? सिगारेटचे आहेत?"

हे ऐकून मी घाबरले, म्हणलं ह्या पोलिसाला बोलावतील. "न्हाई, न्हाई म्याडम. बिब्बा हाय. सासूनं घातलाय."

"किती दिवसांपासून?"

"पोरगी झाली तवापासनं."

त्या एकेका ठिपक्याला बोट लावत गेल्या. मानंच्या मागं दोन, खांद्याच्या वर दोन, पाठीच्या पाख्यांवर, कंबरंच्या खाली, कोपराच्या बाहेर, मांडीला, गुडघ्याच्या आत. मंग समोर येऊन बसल्या. "रिपोर्टमध्ये लिहिलंय तुला कुठंच दुखत नाही. दुखत नसताना एवढे चटके कोण घेईल? तू मला सांगत का नाहीस?"

मी मान खाली घातली. बोलले तर पोरगी गेली.

त्या रागावल्या न्हाईत. मंग खणातनं एक कागद काढला. त्याच्यावर माणसाचं चित्र व्हतं, एक पुढनं, एक मागनं, तोंड नसलेलं, कपडं नसलेलं. पेन्सिल दिली. "बोलू नकोस मग. ह्या चित्रावर ठिपके दे. जिथं दुखतं तिथं."

मी इचार केला. भगत म्हणला व्हता आवाज काढायचा न्हाई, आन आपल्या अंगावर हात ठिवून जागा दावायची न्हाई. कागदाचं तो काय म्हणला नव्हता. ह्या चित्राला तोंड बी न्हाई, हे माजं अंग थोडीच हाय. मी पेन्सिल घेतली. सासू बिब्बा टेकवायची तशी टोक टेकवून टेकवून ठिपकं दिलं. पुढनं दिलं, मागनं दिलं. छातीच्या हाडावर दिला, तितं सासूनं कधी बिब्बा घातला नव्हता, पोरीच्या तोंडाला लागंल म्हणून. देता देता थांबताच येईना.

त्यांनी मोजलं. झोपंचं इचारलं, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का. इसरण्याचं इचारलं. थकव्याचं इचारलं. किती महिन्यांपासनं. ह्याला मी मान हलवून जवाब दिलं, ह्यात दुखण्याचं नाव नव्हतं. मंग म्हणल्या, "आता मी दाबणार आहे. माझं नख पांढरं होईल एवढंच, जास्त नाही." खांदा दाबला, मी पदर चावला. कोपर दाबलं. मंग गुडघ्याच्या आतल्या अंगाला अंगठा ठिवला.

मी ओरडले. "आई गं" म्हणून अशी ओरडले की बाहेरची सगळी गप झाली. पडद्याखालनं मला सासूच्या चपला दिसत व्हत्या. त्या चपला उभ्या ऱ्हायल्या.

मंग मी रडले. म्हणले, "म्याडम, तुमी काय केलं, माजी पोरगी गेली आता." आन दम लागत लागत सगळं सांगितलं, दाणा, खिळा, पाणी, आई, पाय चेपायचं. त्यांनी मधी एकदा बी "असं काही नसतं" म्हणलं न्हाई. पाणी दिलं. मंग इचारलं, "आईच्या अंगावर पण असेच डाग होते?"

"व्हय."

"कुठं कुठं?"

मी सांगितलं. मला एकेक आठवत व्हता, तेल लावलेला.

"आणि गेली तेव्हा डोळे पिवळे होते? मग ती काविळीनं गेली. ह्या दुखण्यानं माणूस मरत नाही. तुझ्या आईला बहुतेक हाच आजार होता, फक्त तिला कुणी कागद दिला नाही."

त्यांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. मला तीनदा म्हणाया लावलं. म्हणल्या, हा रक्तात घावत न्हाई, फोटोत येत न्हाई. रक्त तपासायचं ते दुसरं काय न्हाई ना हे बघाया. हा फक्त पेशंटनं सांगितल्यावरच कळतो. नसा दुखणं मोठं करून सांगत्यात, मोबाइलचा आवाज कुणी वाढवून ठिवावा तसा. रोज थोडं चालायचं, झोप सुधारायची, एक गोळी, आन बिब्बा बंद. पूर्ण जाईलच असं न्हाई म्हणल्या. कमी व्हईल.

मी इचारलं, "पोरीला लागंल का?"

"लागत नाही. कधी कधी घराण्यात दिसतो, पण होईलच असं नाही. तू जवळ घेतल्यानं तर मुळीच नाही."

"हे लिवून द्या म्याडम. मराठीत. मोठ्या अक्षरात."

त्या हसल्या, पण लिवून दिलं, शिक्का मारला, चित्राचा कागद बी संगं दिला.

घरी आल्यावर सासू ओट्यावर बसली आन म्हणली, "वाच." मी वाचलं. "हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दुधातून, हातातून, जवळ झोपल्याने लागत नाही. मुलीला आईजवळ ठेवावे."

"आजून एकदा वाच."

वाचलं.

"आन तुज्या आईचं काय लिवलंय?"

"आईचं न्हाई लिवलं."

"बघ. तितं गप बसली ना तुजी डॉक्टरीण."

मंग तिनं चित्राचा कागद मागितला. माजी पाठ उन्हाकडं केली, कागद उलटा धरला, सुलटा धरला. एका हातानं कागदावर बोट, एका हातानं माज्या पाठीवर. लई येळ चाललं. तिची बोटं गार व्हती.

"हे तर सगळं मी घातलेलंच हाय की," ती म्हणली. "मंग ती माजंच बघून लिवती."

"व्हय आत्या."

"इतकं दुखतं व्हय गं? तितं वरडलीस ती?"

"रोजच दुखतं."

"मंग सांगायचं की."

"तुमीच म्हणला सांगायचं न्हाई."

ती उठली. मला वाटलं भगताकडं निगाली. ती आत गेली आन खोबरेल तेल घेऊन आली, आन डागांवर लावाया लागली, जोरात, तिला हळू काय येतच न्हाई. मी म्हणले, "आत्या, दुखतंय." तिचा हात थांबला. मंग हळू झाला. मालकाला फोनवर म्हणली, "सुट्टीला येताना पोरीला आण. दिवाळी बिवाळी काय न्हाई."

पोरगी आली तर माज्याकडं येईना. नणंदंचं नाव घेऊन रडली. मी ओट्यावर बसून ऱ्हायले. तिसऱ्या दिशी ती आपणच आली आन मांडीवर चढली, गुडघ्याच्या आतल्या अंगाला टाच रवून. मी म्हणले, "हितं न्हाई, हितं आईला दुखतं. हिकडं बस." ती हिकडं बसली. एवढं सोपं व्हतं.

पण भ्या गेलं न्हाई. सासू अजून मालकाला म्हणती, खिळा हाय म्हणून तर पोरगी सुखरूप हाय. आन मला त्या खिळ्यानं झोप येत न्हाई. आईला दुखत व्हतं, सगळ्यांनी तिला नाटकी म्हणलं, आन ती मेल्यावर मी तिची वाट बांधली, माज्या हातानं.

दिवाळीच्या आधी मी पोरीला घेऊन माहेरी गेले. डिंभ्याची एसटी येईल तवा येती, दोन तास थांबलो. धरण काठोकाठ भरलं व्हतं. जोती न्हाईत, मसणवट न्हाई. आंब्याच्या खोडाचा वरचा हातभर शेंडा तेवढा पाण्यावर व्हता, त्याच्यावर एक बगळा. खिळा खाली, लई खाली. चैतापतुर काय काढता यायचा न्हाई. पक्कड मी पिशवीत आणली व्हती.

मी काठावर बसले. पोरगी दगडं टाकत व्हती. मंग ती दोन्ही हात तोंडाला लावून त्या पाण्याकडं बघून मोठ्यानं वरडली, नुसतीच, पोरं वरडत्यात तशी. पलीकडच्या डोंगरावरनं आवाज परत आला. तिनं माज्याकडं बघितलं, आन परत वरडाया तोंड उघडलं.

माजा हात तिच्या तोंडावर ठिवाया वर गेला व्हता. खांद्यातनं कळ आली. मी हात खाली घेतला.

ती वरडली.